काळी गाडी, पांढरी गाडी आणि विमलबाईचं सोयाबीन

क्रोधावर मी विजय मिळवलेला आहे. हे माझं मत नाही. आमच्या बुलढाण्याच्या शाळेत रस्ता सुरक्षा सप्ताहात ‘स्टिअरिंग आणि संयम’ या विषयावर मी पंचेचाळीस मिनिटं बोललो, तेव्हा माझी ओळख करून देणाऱ्यांनी भर सभेत हे वाक्य वाचलं. ओळख मीच लिहून दिली होती, पण वाचली त्यांनी!

गेल्या चौदा वर्षांत मी कोणालाही रागानं ओव्हरटेक केलेलं नाही. माझी छोटी गाडी बैलगाडीला ओव्हरटेक करायचं म्हटलं तरी आधी दोनदा खोकते, हा तपशील मी भाषणात घेतला नाही. मत्सराबद्दलही काही बोललो नाही. विषय रस्ता सुरक्षेचा होता.

आणि त्याच आठवड्यात संघपालनं गाडी घेतली.

संघपाल म्हणजे माझा साडू. माझ्या बायकोची, धम्मशीलाची, धाकटी बहीण महामाया त्याच्या घरी दिलेली. बुलढाण्यातच त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे. माणूस चांगला आहे. हे वाक्य मी नेहमी आधी उरकून घेतो. त्यानं घेतली ती काळी एसयूव्ही. एवढी उंच, की आत चढायला फूटबोर्ड! माझी गाडी तिच्या शेजारी उभी केली, तर म्हशीला पारडू झाल्यासारखं दिसायचं. लोक आधी म्हशीचं कौतुक करायचे आणि मग पारडाकडं बघून हळहळायचे.

तरीही मी शांत होतो. फक्त झोप लागत नव्हती.

खरा प्रश्न उभा राहिला तो मेव्हण्याच्या लग्नात. सासुरवाडी मोताळ्याची, लग्न बुलढाण्याच्या हॉलमध्ये, दुपारी बाराचं. मी थोरला जावई. सासऱ्यांच्या घराण्यात गेल्या चौदा वर्षांत जेवढी लग्नं झाली, तेवढ्या सगळ्या नवरदेवांना माझ्या गाडीनं मांडवापर्यंत नेलं होतं. दोघांना शेवटी थोडं ढकलावं लागलं, पण मान माझाच! आता धाकट्या मेव्हण्याचं, सुगतचं लग्न, आणि महामायानं फोनवर सहज विचारलं, “ताई, सुगत आमच्याच गाडीत बसन ना?”

हे ‘सहज’ मला ओळखू येतं. मी तडक सासऱ्यांना फोन लावला. माणिकराव पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाचं पत्र फोडलं नाही आणि कोणाचं मन मोडलं नाही.

“हे पाहा जावईबापू,” ते म्हणाले, “मले दोन्ही जावई सारखे. लग्नाच्या दिवशी आठ वाजता ज्याची गाडी पहिले दारात लागन, त्याच्यात नवरदेव बसन. झालं?”

न्याय झाला होता. पण माझ्या गाडीनं आठला मोताळा गाठायचं, तर तिला आदल्या दिवशीच निघावं लागलं असतं. म्हणून मी शेषरावकडं गेलो. शेषराव माझा कॉलेजातला मित्र. घरी भरपूर शेती आणि दारात पांढरी एसयूव्ही. संघपालच्या गाडीपेक्षा चार बोटं उंच. मी टेपनं मोजली.

“ने ना बे, त्याच्यात काय!” शेषराव म्हणाला. “पण ही ऑटोमॅटिक हाय. हिले क्लच नाही. उजव्या पायानंच सगळं करायचं. डावा पाय घरी ठिवून जाय.”

मी हसलो. सुशिक्षित माणसाला एवढं काय सांगायचं!

लग्नाच्या सकाळी झेंडूच्या माळांनी गाडी सजवली, सूट घातला, धम्मशीलाला शेजारी बसवलं आणि निघालो. चौकात वेग कमी करताना डाव्या पायाला चौदा वर्षांची सवय आठवली. त्यानं क्लच समजून जे पेडल दाबलं, तो ब्रेक होता. गाडी जागच्या जागी खिळली. धम्मशीलाचा गजरा डॅशबोर्डवर जाऊन पडला.

“काय झालं?”

“काही नाही. ब्रेक चांगले आहेत, ते पाहिलं.”

घाट उतरेपर्यंत मी तिला असे सहा वेळा ब्रेक दाखवले.

घाट संपला, सपाट रस्ता लागला, आणि आरशात काळं काहीतरी दिसलं. बघता बघता ते मोठं झालं, आणि मागून असा हॉर्न वाजला की बाभळीवरचे बगळे उडाले! काळी गाडी बाजूला आली. काच खाली झाली. संघपालनं हात बाहेर काढला आणि हसत म्हणाला, “जयभीम, साडूभाऊ!”

जयभीमला उत्तर न देणं आमच्याकडं कोणाला जमत नाही. मी दातओठ खात म्हणालो, “जयभीम!” तेवढ्यात तो पुढं निघून गेला.

तो हसला होता. याला आपुलकी म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

शेषरावची गाडी वावरात सोडलेल्या गोऱ्ह्यासारखी उसळली! माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी दाबलं आणि गाडीनं ऐकलं. पन्नास, सत्तर, नव्वद! मी काळीला मागं टाकलं. काच खाली करून ओरडलो, “साडूभाऊ, जरा आरामात या!” दोन मिनिटांत तो परत पुढं. “साडूभाऊ, तुम्ही मोठे, तुम्ही आराम करा!”

साडूंच्या भांडणात हाच मोठा त्रास. शिवी देता येत नाही. अहो-जाहो सोडता येत नाही. पोटात आग्यामोहोळ उठलेलं असलं तरी तोंडातून ‘आपण’ निघतं.

या सगळ्यात दोन्ही गाड्यांमधल्या बहिणी एकमेकींशी फोनवर बोलत होत्या.

“हाव, जांभळ्याच ब्लाऊजवर घातलं मी,” धम्मशीला सांगत होती. “आणि आईची गोळी घेतली ना तू? … थांब. अहो, माया म्हणते, संघपाल भाऊजी म्हणून राह्यले का रस्ता तुमच्या बापाचा हाय का?”

“त्याला म्हणावं, बांधकाम खात्याचा आहे!”

“माया, हे म्हणतात बांधकाम खात्याचा हाय. … हाव, पांढरी चप्पल चालन. … अहो, काऊन एवढ्या जोरात चालवून राह्यले? ते तुमचं भाषण कुठी गेलं?”

भाषण मागं घाटातच राहिलं होतं. मला आता फक्त काळ्या गाडीची मागची पाटी दिसत होती. अख्खं जग तिच्याएवढंच झालं होतं. पुढं उजव्या बाजूचा अर्धा रस्ता मला मोकळा दिसला. मी स्टिअरिंग फिरवलं.

तो मोकळा नव्हता. दिवाळीनंतर आमच्या जिल्ह्यात डांबरी रस्ता अर्धा वाहतुकीला असतो आणि अर्धा सोयाबीन वाळवायला. कडेला दगड मांडले की झालं खळं. ही गोष्ट इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक असते. माझ्या भाषणात तर हा स्वतंत्र मुद्दा होता: क्रमांक सात.

क्रमांक सातवर मी नव्वदच्या वेगानं चढलो.

चाकांखाली लाखो छर्रे आले! स्टिअरिंग हातात होतं, पण त्याचा गाडीशी काही संबंध उरला नव्हता. तेवढ्यात डावा पाय मदतीला धावला आणि त्यानं अंगातली सगळी ताकद लावून क्लच दाबला. म्हणजे ब्रेक! गाडी जात्यासारखी फिरली. पहिल्या फेऱ्यात मला शेत दिसलं, दुसऱ्यात संघपालचा उघडा जबडा. तिसऱ्या फेऱ्यात एक म्हातारी दिसली. ती दोन्ही हात वर करून किंचाळत होती, “माही छकुली! माही छकुली व्हती तिथं!”

मग धप्प झालं आणि सगळं पांढरं झालं.

आम्ही रस्त्याकडेच्या कापसाच्या ढिगात घुसलो होतो. धम्मशीला धड होती. माझ्या कानात एकच शब्द घुमत होता. छकुली. मी दार ढकलून बाहेर पडलो. कापूस दोन्ही हातांनी उपसायला लागलो. नवरदेव, मान, काळी गाडी, पांढरी गाडी, सगळं डोक्यातून पुसलं गेलं होतं. शेजारी आणखी दोन हात उपसताना दिसले. संघपालचे. मला वाचवायला त्यानंही सोयाबीनवर ब्रेक मारला होता आणि त्याची गाडी पलीकडच्या नालीत तोंड खुपसून बसली होती.

“बँ!” मागून आवाज आला.

छकुली माझ्या गाडीच्या मागं उभी राहून झेंडूची माळ खात होती. पांढरी, कानावर काळा ठिपका असलेली शेळी. मी मटकन खाली बसलो आणि, आता लिहायला हरकत नाही, रडलो. संघपालनंही नाक पुसलं.

जरा वेळानं छकुली त्याच्या गाडीकडं गेली, माळ हुंगली आणि परत आली. त्याची फुलं प्लास्टिकची होती. एवढ्या दुःखातही मला बरं वाटलं.

म्हातारीचं नाव विमलबाई. तिनं एका हातात खराटा धरला, दुसऱ्या हातानं दोन्ही गाड्यांच्या चाव्या काढून कमरेला खोचल्या.

“दिसत नाही काय रे? दोन मिन्टं आंधी मी तिथंच बसेल व्हती!”

हे ऐकून आम्ही दोघंही खाली बघायला लागलो.

“आता येचा! एकूण एक दाना येचा. मंग पुढची गोष्ट!”

“मावशी, आम्हाला लग्नाला—”

“कोनाचं लगन?”

“आमच्या मेव्हण्याचं. नवरदेव आमच्या गाडीत—”

“कोनाच्या?”

“माझ्या!” आम्ही दोघं एकदम म्हणालो.

विमलबाईनं खराटा माझ्यापुढं टाकला आणि संघपालला सूप दिलं. सूप चांगलं नवीन होतं. माझ्या खराट्याच्या निम्म्या काड्या गळलेल्या. मी नोंद घेतली.

सूट घातलेले दोन जावई रस्त्यावर उकिडवे बसून सोयाबीन गोळा करायला लागले. दोघी बहिणी बांधावर बसून आईच्या गोळीचं राहिलेलं बोलणं पूर्ण करत होत्या. तासाभरानं मी हळूच पाहिलं. संघपालचं पोतं कमरेपर्यंत आलं होतं, माझं गुडघ्यापर्यंत. मी वेग वाढवला. त्यानंही वाढवला. मी त्याच्या बाजूचे दाणे माझ्याकडं ओढले.

“साडूभाऊ, ते माझ्या हद्दीतले आहेत.”

“रस्ता बांधकाम खात्याचा आहे!”

“हा मानूस कामाचा दिसते,” विमलबाई संघपालकडं बोट दाखवत म्हणाली. मग माझ्याकडं वळली. “तुमी मास्तर हा काय?”

“हो. कसं ओळखलं?”

तिनं माझ्या पोत्याकडं फक्त पाहिलं.

तेवढ्यात मोताळ्याकडून एसटी आली आणि अडलेल्या रस्त्यावर थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी मान वर केली. पुढच्या खिडकीत फेटा घातलेला सुगत बसला होता. त्याच्या शेजारी माणिकराव, मागं सासूबाई, आणि त्यांच्या मागं अख्खं वऱ्हाड.

“भाऊजी?” सुगत खिडकीतून म्हणाला. “दोघंही? तिथं काय करून राह्यले?”

मी उभा राहिलो. संघपालही राहिला. आमच्या गुडघ्यांना माती, डोक्याला कापूस.

“नऊपर्यंत वाट पाह्यली,” माणिकराव शांतपणे म्हणाले. “मंग गाडी आली, बसलो. सगळ्यायले जागा भेटली.”

विमलबाईला दया आली. चाव्या मात्र आल्या नाहीत. तिचा नवरा कडूबा संध्याकाळी ट्रॅक्टर घेऊन येणार, गाड्या बाहेर काढणार, आणि तोवर आम्ही परत येऊन राहिलेले दाणे वेचणार, या बोलीवर तिनं आम्हाला सोडलं. छकुलीनं तर निरोपही घेतला नाही. ती दुसऱ्या माळेत गुंतली होती.

आम्ही चौघं बसमध्ये चढलो. वऱ्हाडानं सरकून दोघी बहिणींना जागा करून दिली. आम्हा दोघांना उभंच राहावं लागलं. मागच्या दारापाशी पाठ टेकायला एक खांब होता.

तो संघपालला मिळाला.