‘निवांत’ विकणे आहे

घर माझं, त्यावरचा गळका पत्राही माझा, मग ते विकायला मध्ये एजंट कशाला? तुंगार्लीतला आमचा ‘निवांत’ बंगला मी एकटा, मोबाइलवर, चहा पिता पिता विकून दाखवणार होतो! बँकेत बत्तीस वर्षं काढलेला माणूस आहे मी, दिगंबर म्हणतात मला!

विकायचं कारण माझ्या बायकोचे, अनसूयाचे, गुडघे. रस्त्यापासून बंगल्यापर्यंत बावीस पायऱ्या आणि डॉक्टर म्हणाले, जिने बंद. तळेगावात तळमजल्यावरचा एक फ्लॅट मिळत होता. त्याचा मालक पितृपक्ष लागेपर्यंत थांबायला तयार होता, पुढे एक दिवस नाही.

आमच्या गल्लीतला एजंट बजरंग, मूळचा आंबीचा, कळवळून म्हणाला, “भाऊ, आमी हाय की! तुमी कशापायी तरास घेताय?”

“जमाना बदललाय, बजरंग.”

“बदलू द्या. लागलं तर हाक मारा. मी कुटं जातोय?”

मी अकरा बाजूंनी फोटो काढून जाहिरात टाकली. गिऱ्हाईक चुकायला नको म्हणून मोबाइलच्या नकाशावरही घर टाकलं आणि खाली लिहिलं, ‘डोंगर दिसतो. धबधबा दिसतो. पार्किंग मोफत. केव्हाही या, मनसोक्त पाहा!’ तिथं ‘विकणे आहे’ लिहिलं नाही. जाहिरातीत होतंच की!

श्रावणातल्या शनिवारी आठ माणसं पायऱ्या चढून आली.

“बघायला आलोय, काका!”

मी हरखलो. पाण्याची टाकी दाखवली, ती त्यांनी पाहिली. लाइटचं मीटर दाखवलं, त्याच्यासोबत एकानं सेल्फी काढला. घर बघायला आलेला माणूस चहा-पोह्यांशिवाय पायरी उतरता कामा नये, हा अनसूयाच्या माहेरचा कायदा. तिनं पातेलं चढवलं.

“काका, बाथरूम?”

“गिऱ्हाईक जाणकार आहे,” मी अनसूयाच्या कानात कुजबुजलो. “बाथरूम आवर्जून बघतंय!”

आठही जणांनी बाथरूम बघितलं. एकेकानं, आतून कडी लावून!

रविवारी चाळीस जण आले. पावसाळी सहलीला आलेल्यांच्या गाड्या धरणाच्या रस्त्यावर अडकल्या की माणसं नकाशा उघडत, आणि नकाशात आम्ही! घर विकायचंय असं सांगितलं तर एक जण म्हणाला, “असू दे काका, आम्ही फक्त फोटो काढतो.” उघड्या दारात आलेल्याला हाकलायला अनसूया तयार नव्हती, आणि पोह्यांवर तर लोकांनी नकाशावर अभिप्रायच लिहिले होते. ‘पोहे अप्रतिम. बाथरूम स्वच्छ. काका मीटर दाखवतात, ते टाळावं.’ पाचपैकी चार पूर्णांक आठ दशांश स्टार!

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, बत्तीस वर्षांत बँकेत मला कुणी अर्धा स्टारसुद्धा दिला नव्हता! मी रोज बसून एकेकाला आभाराचं उत्तर लिहू लागलो.

असे रविवार गेले. गणपतीही गेले... म्हणजे आमचे दीड दिवसाचे गेले, तेव्हा जाहिरात वाचून खरं गिऱ्हाईक आलं. आसावरीबाई, पुण्याच्या निवृत्त शिक्षिका.

“जाहिरातीत शांतता लिहिलंय,” त्या गर्दी बघत म्हणाल्या.

“आहे ना! सोमवार ते शुक्रवार!”

“ओ मॅडम, लाइन आहे!” बाथरूमच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. बाई आल्या पावली परत गेल्या.

त्यांच्यामागे धावत निघालो तर अकराव्या पायरीवर अनसूया बसलेली. हातात दुधाच्या पिशव्या.

“आता वरही जाववत नाही आणि खालीही,” ती म्हणाली. “पितृपक्षाला आठ दिवस उरलेत हो.”

ती चिडली असती तर बरं झालं असतं. हिचे गुडघे झिजत होते आणि मी स्टार मोजत होतो! मुकाट्यानं बजरंगला फोन लावला.

बजरंगनं रांग बघितली आणि कपाळावर हात मारला. “भाऊ, हितं शांतता कुटं इकताय? गर्दी इका की!”

तासाभरात तो रुचिर नावाच्या तरुणाला घेऊन आला. त्याला हॉटेल काढायचं होतं. त्यानं टाकी पाहिली नाही, मीटर पाहिलं नाही. फक्त रांग पाहिली आणि जागेवर ‘हो’ म्हणाला. बजरंगनं दलाली दोन्हीकडून घेतली, आणि मी हूं की चूं केलं नाही.

आता आम्ही तळेगावात. एकही पायरी नाही. अनसूया घरभर अशी फिरते की बघत राहावं!

पहिल्याच रविवारी बेल वाजली. दारात नऊ माणसं, ओल्या छत्र्यांसकट.

“काका, ‘निवांत’ इथंच आलंय ना?”

अनसूयानं माझ्याकडे पाहिलं. “यांना पत्ता कुणी दिला?”

आता काय सांगू? निघण्याआधी मी प्रत्येक अभिप्रायाखाली नवा पत्ता लिहिला होता. शेवटी ‘अवश्य या!’ असंही. सभ्यता म्हणून हो!

“बाथरूम डावीकडे,” मी पाहुण्यांना म्हणालो.

अनसूया सोफ्यावर बसली, पाय लांब केले आणि कालथा माझ्या हातात दिला. तेव्हापासून पोहे मी करतो. स्टार अडीचवर आलेत.