कृपया पादत्राणे बाहेर काढावीत

कार्यक्रम आखावा तर गुरुनाथनेच! हे मी नाही, अमेरिकेतलं अख्खं एडिसन गाव म्हणतं. (बरं, मी म्हणतो आणि एडिसन गप्प बसतं.) त्यामुळे मंडळाच्या गणपतीत यंदा काहीतरी हटके हवं म्हटल्यावर मी छाती ठोकून सांगितलं, "टॅप डान्स! साठ वर्षांचा अनुभव माझ्या शेजारच्या घरात राहतो!"

म्हणजे लेनर्ड. वय त्र्याऐंशी. बुटांच्या तळाला पत्रे लावून पायांनीच तबला वाजवायचा, हा त्याचा धंदा. न्यूयॉर्कची थिएटरं, जहाजांवरचे शो, म्हातारपणी शाळेच्या जिममध्ये क्लास. सगळीकडे तो आणि त्याची बायको डॉरथी, जोडीनं. डॉरथी एप्रिलमध्ये गेली. तिच्या बुटांचे पत्रे काढून त्यानं स्वतःच्या बुटांना लावून घेतले. आणि आता सोमवारी त्याच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. त्यानंतर नाच कायमचा बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"शनिवारी एकदाच," तो म्हणाला, "मला तिचा आवाज ऐकायचाय."

"लेनर्ड, झालंच समज!" मी म्हणालो.

माझ्या बायकोला, शैलजाला, मात्र शंका. "अरे, गणपतीसमोर बूट घालून नाचणार तो?"

"प्लॅनिंग केलंय मॅडम! येताना बूट दारात. आरती झाली की बाप्पासमोर पडदा. मग बूट परत पायात!"

शनिवारी हॉलच्या दारात मी स्वतःच्या हातानं पाटी लावली: 'कृपया पादत्राणे बाहेर काढावीत.' लेनर्डनं निमूटपणे बूट काढले, जोडीनं ठेवले आणि विचारलं, "इथे सेफ आहेत ना?"

"दोनशे मराठी माणसं आहेत! बूट कोण नेणार?"

देवळाबाहेरून वहाणा कशा गायब होतात, हे पुण्यात जन्म काढलेला मी त्या क्षणी साफ विसरलो!

आरती झाली, मोदक झाले, पडदा पडला. मी बूट आणायला पळालो, तर बूट नाहीत! त्यांच्या जागी दुसरेच काळे बूट, दहाच नंबरचे, तळाला नुसतं रबर. मी दोनशे जोड उलटे करून पाहिले. शेवटी स्टेजवर जाऊन 'तांत्रिक अडचण' जाहीर केली. लेनर्ड पहिल्या रांगेत मोज्यांवर बसला होता, हातात तसाच मोदक.

"इट्स ओके," तो म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी अरुणकाकांचा फोन. काका चार तासांवरच्या श्रूजबरीचे. लांबचा ड्राइव्ह म्हणून आरती होताच निघालेले.

"गुरु, अरे गंमत! तुमच्याकडून निघाल्यापासून चाललो की टकटक होत होतं. मला वाटलं, गुडघे गेले!"

"काका! ते बूट तुमचे नाहीत!"

"अरेच्चा! तरीच चावतायत! उद्या सकाळी आणून देतो. काळजी करू नकोस, मी अगदी नीट केलेत ते!"

नीट म्हणजे पॉलिश, असं मी समजलो.

रविवारी सकाळी लेनर्डनं आपल्या घरासमोरच्या ड्राइव्हवेवर प्लायवूडची फळी टाकली. सूट घातला, डॉरथीनं दिलेला टाय बांधला आणि आठपासून खुर्ची टाकून बसला. काका अकराला पोचले. बिचारे चार तास ड्राइव्ह करून आले होते. त्यांनी दोन्ही हातांनी बूट दिले. आरशासारखे चकचकीत!

लेनर्डनं ते उलटे केले. तळाला फक्त स्क्रूची भोकं.

"त्यांना कुणीतरी पत्रे ठोकले होते!" काका खुशीत म्हणाले. "काल वाटेत हायवेवरच्या रेस्ट एरियात बसून एकेक काढला. आता बघा, कसे गुपचूप चालतात!"

"काका, पत्रे कुठायत?"

"टाकले कचऱ्यात. का रे?"

मी सांगितलं. काका मटकन ड्राइव्हवेवरच बसले. "अरे देवा, काय केलं मी हे!" मी गाडीकडे धावलो. लेनर्डनं फोन करून त्या रेस्ट एरियात विचारलं. कचरा पहाटेच उचलला होता.

मग त्यानं बूट घातले आणि फळीवर उभा राहिला. नाचला! गुडघे थरथरत होते, पण पाय सरसर चालले होते. आवाज काहीच नाही, नुसती घासाघीस. मिनिटभरानं धापा टाकत थांबला.

"ऐकू आलं?" त्यानं मला विचारलं.

"हो," मी म्हणालो. आयुष्यभर थापा मारल्या, पण इतकी जड एकही गेली नव्हती. मला रडू आवरेना.

ऑपरेशन उत्तम झालं. मंडळानं माझं कार्यक्रमप्रमुखपद काढून मला चपलांवर बसवलंय, तेही योग्यच! लेनर्ड आता वॉकर घेऊन ड्राइव्हवेवर चालतो. परवा बघतो तर वॉकरच्या पायांची रबरी बुचं गायब. म्हटलं, म्हातारा घसरेल! ताबडतोब नवी आणली आणि शेजारी गेलो.

तो डोळे मिटून चालत होता. टक-टक. टक. टक-टक. मध्येच थांबून हसला आणि म्हणाला, "डॉरथी, घाई करू नकोस."

मी आल्या पावली परत फिरलो. बुचं माझ्या खिशातच आहेत. कुणाला हवी असतील तर सांगा.