पहिला डोसा

आमचे घरमालक खंडोजीराव अण्णा कुणालाही "कसे आहात?" असं विचारत नाहीत. "तवा कसा आहे?" असं विचारतात. पुण्याहून आम्ही बंगळुरात बनशंकरीला त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा सामान उतरायच्या आधी त्यांनी आमचा बिडाचा तवा मागून घेतला. त्यावर बोट फिरवलं, हुंगलं आणि म्हणाले, "अय्यो, साबण लावलात? साबण तोंडाला लावायचा."

तेव्हापासून रविवारी सकाळी अण्णा दारात. एका हातात तिळाचं तेल, दुसऱ्यात काट्याला टोचलेला अर्धा कांदा. "स्वल्प तेल, स्वल्प आच. लोखंड माणसाळवावं लागतं." तवा धूर येईपर्यंत तापवायचा, पुसायचा, पुन्हा तेल. जिन्यात जळक्या तेलाचा वास भाडेकरू म्हणून राहायलाच आला.

एका दुपारी माझे साहेब सहकुटुंब जेवायला आले होते. अण्णा सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि गंजलेला तवा घेऊन बाहेर आले. "बघा सर, डोशाच्या तव्यावर चपात्या भाजतात आणि ओलाच ठेवतात." साहेबांनी तवा सभ्यपणे पाहिला. माझ्या बायकोचा चेहरा उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुणे गेल्यावर मी तणतणत खाली गेलो. "अण्णा, एका तव्यापायी चारचौघांत अब्रू घालवलीत."

अण्णा स्वतःचा तवा पुसत होते. "सरी, बरोबर आहे, चुकलं माझं," म्हणाले. मग वर न बघताच बोलू लागले. "गेल्या वर्षी ही बहिणीकडे बेळगावला गेली. मी जन्मात पहिल्यांदा डोसे घातले. पहिलाच फाटला. हिला फोन केला तर हसली. म्हणाली, पहिला रोजच फाटतो की. आता सांगा, माझ्या ताटात एकदाही फाटका आला नाही. तो जातो कुठं, हे मी म्हातारा होईपर्यंत विचारलं नाही. लाज वाटते हो. तवा नीट असला तर पहिलाही फाटत नाही. म्हणून फिरतो दारोदार."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हा दोघांना डोसे खायला बोलावलं. ओट्याशी अण्णा. त्यांची बायको, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो, टेबलाशी बसलेल्या. पण बसणं जमत नव्हतं, सारख्या उठायला बघत होत्या. पहिला डोसा अख्खा सुटला. अण्णांनी तो मोठ्या ऐटीत अक्कांच्या ताटात वाढला.

अक्कांनी तो उलटून पाहिला आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. "हा छान झालाय, तुम्ही घ्या. मला फाटका येईल तो चालतो."

अण्णा पाठ फिरवून तव्यावर कांदा घासत राहिले.

आमच्या घरचा पहिला डोसा कुठे जातो, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? बायको शेजारीच बसली होती. तिच्याकडे बघायचं मला धाडस झालं नाही.