माकल्यांची मोहीम, मुक्काम बुसान

श्रीभगवंताचे चरणी मस्तक ठेवोन, बुसान शहरी राजश्री जावई पांग ब्योंगहो यांणी सासूबाईंचे जिव्हेवर फत्ते कैसी केली ते यथास्थित लिहितो, सज्जनांनी चित्त द्यावे. सासूबाई मातुश्री ओकसून योकजी बेटावर एकल्या राहत, आणि लेक सोरा हिणे, हिवाळा तरी आम्हांपाशी काढावा, म्हणोन बहुत आर्जवे केली, मग मातुश्रींचा हुकूम जाहला की, जावयाने स्वहस्ते समुद्रीच्या माकल्या तिखट भाजोन वाढाव्या; रुचल्या तर मुक्काम, न रुचल्या तर उदईक कूच.

तेव्हा जावई ॲप्रन कसोन शेगडीपाशी सिद्ध जाहले, आणि लाल मिरचीचे गोचुजांग, लसूण व साखरेचा पाक एकत्र करोन माकल्या आपादमस्तक माखिल्या, आणि तैशाच जाळीवर घातल्या. येथेच घात जाहला. मसाला जळोन कोळसा, माकल्या आत कच्च्या, आणि धुराने अवघा मुलूख काबीज केला. मग भिंतीतील कर्ण्यातून इमारतीचे कचेरीचे फर्मान सुटले की, बाराव्या मजल्यावर जो कोणी जाळपोळ करीत असेल त्याणे तत्क्षणी आवरावी.

"जावईबापू, माकल्या भाजताय की पुरावा जाळताय?"

"आई, आधी लावला की मसाला मुरतो ना..."

"मुरला की! पडद्यांत मुरला. आधी कोरड्या भाजा, मसाला मागाहून. सोरे, खिडकी उघड गं!"

मग उरल्या फौजेनिशी दुसरा हल्ला जाहला, आणि माकल्या लालबुंद होवोन ताटी उतरल्या, तो इमारतीचे चौकीदारसाहेब दारी ठाकले. "काकू, वरचे लोक ओरडतायत, हे जे तुमचं..." इतके वदले तोच मातुश्रींनी कात्रीने तुकडा छाटोन, भात व लसणीसह हिरव्या पानात बांधोन मुखी कोंबिला. या मुलखी पानाचा घास अर्धा तोडणे रीतीस धरोन नाही, सबब सरकारी वाचा जागीच बंद पडली. आणि गिळोन होताच चौकीदारसाहेबांनी तक्रार सोडोन दुसरा घास मागितला.

तदनंतर मातुश्री स्वतः जेवल्या. नाकावर घाम आला, डोळां पाणी आले. आणि जावई हात जोडोन उभे, जैसे कीर्तनी भाविक.

"मीठ कमी आहे," मातुश्री म्हणाल्या. "आणि तुमची ही किमची म्हणजे धुतलेला पाला. उद्या बेटावर जा, माझ्या किमचीच्या बरण्या घेऊन या. सगळ्या."

येणेप्रमाणे खजिना हलविण्याचा हुकूम जाहला, आणि जेथे खजिना तेथे गादी, हे जाणोन सोरा आनंदे रडली. विजयी वीर तैसेच जाळी घासावयास रवाना जाहले. देवाने घडविले, आम्ही लिहिले.