मीठ थोडं कमी आहे

“सूप मी करतो,” हे तीन शब्द मी का बोललो, याचा विचार मी अजूनही भांडी घासताना करतो. (भांडी रोज घासतो, त्यामुळे विचारही रोज होतो.)

झालं असं, की बायकोला परदेशात चांगली नोकरी लागली आणि तिच्यामागोमाग आमची वरात इकडे आली. वरात म्हणजे मी, आमची चिंगी आणि एक प्रेशर कुकर. तिकडे मी एका कचेरीत हेडक्लार्क होतो. इकडे मला नोकरी करायची परवानगी नाही, म्हणून घर माझ्याकडे आलं. बायको सकाळी जाते, संध्याकाळी दमून येते आणि मी जे काही रांधलं असेल ते मुकाट्याने खाते. सुरुवातीला ती बोलायची. मग तिने लोणच्याच्या बरण्या आणल्या आणि बोलणं बंद केलं.

चिंगीची शाळा भारी हौशी. ऋतू बदलला की साजरा करायचा, हा तिथला शिरस्ता. पानं गळायला लागली की एक संध्याकाळ, थंडी पडली की एक, कळ्या फुटल्या की आणखी एक. प्रत्येक घराने काहीतरी हाताने करून आणायचं आणि मुलांनी एकमेकांच्या घरचं खायचं. पानगळीच्या वेळी मी आपला दुकानातून बिस्किटांचा पुडा आणला आणि तिच्या हातात ठेवला. तो पुडा संध्याकाळी न फोडता परत आला.

“कुणी घेतलीच नाहीत का गं?” मी विचारलं.

“मी टेबलावर ठेवलाच नाही,” चिंगी म्हणाली. “सगळ्यांचं घरचं होतं.”

आणि तिने तो पुडा नीट फडताळात ठेवून दिला. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या शाळेत तिला अजून एकही मैत्रीण नव्हती आणि याला तो पुडाच जबाबदार आहे, असं माझ्या मनाने घेतलं. म्हणून थंडीच्या सोहळ्याचा विषय निघाला तेव्हा माझ्या तोंडून ते तीन शब्द निघून गेले.

वाटलं, पोर विसरेल. पोरं गृहपाठ विसरतात, डबा विसरतात, पण आपण जेवताना सहज टाकलेला शब्द जन्मात विसरत नाहीत. दुसऱ्याच दिवशी चिंगीने वर्गात जाहीर केलं की आपला बाबा सूप करण्यात उस्ताद आहे. तिच्या मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीने (चिंगीने तिचं नाव झिपरी ठेवलंय) लगेच सांगून टाकलं, की मग मी त्या दिवशी तुझ्याशेजारी बसणार. चिंगी मला हे सांगताना पलंगावर उड्या मारत होती. लेकीला मिळणारी पहिलीवहिली मैत्रीण माझ्या सूपवर अवलंबून होती, आणि माझ्या हातचं वरण खाऊन खुद्द माझी बायको लोणच्याला लागली होती.

बायकोने माझा चेहरा पाहिला आणि कुकिंग क्लासला माझं नाव घातलं.

क्लास चिंगीच्याच शाळेच्या मोठ्या स्वयंपाकघरात संध्याकाळी भरायचा. शिकवणारे गृहस्थ जन्मभर जहाजांवर स्वयंपाक करून निवृत्त झालेले, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात कप्तान म्हणायचो. माझ्याबरोबर दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, एक बस ड्रायव्हर होता आणि एक निवृत्त पोस्टमन होते. पहिल्या दिवशी कप्तानांनी प्रत्येकाला एप्रन दिला, एक लाकडी चमचा दिला आणि सांगितलं की स्वयंपाकाचा नियम एकच. चव घ्या. घालण्याआधी घ्या, घातल्यावर घ्या, उतरवताना घ्या. एवढं बोलून त्यांनी भांड्यात चमचा बुडवला, तोंडात घातला, मिटक्या मारल्या आणि तोच चमचा परत भांड्यात घालून ढवळलं.

माझ्या अंगावर काटा आला.

मला लहानाचं मोठं केलं ते आत्याने. तिच्या राज्यात पानात पडेपर्यंत कशालाही जीभ लावायची नाही. चाखलं की उष्टं झालं, आणि उष्टं कुणाला वाढायचं नाही. तिला नुसत्या वाफेवरून मीठ कळायचं. झाकण काढून ती नाक पुढे करायची, “अजून चिमूटभर,” म्हणायची आणि ते बरोबर निघायचं. तिची ती विद्या मला आली नाही. मला फक्त न चाखण्याची विद्या आली. आणि ती इतकी पक्की आली, की आदल्याच आठवड्यात चिंगीने पातेल्यात बोट घातलं म्हणून मी तिला चांगलं फैलावर घेतलं होतं.

हे सगळं कप्तानांना सांगावं म्हणून मी मनात वाक्य जुळवून पाहिलं. पण ‘आपण तोंडातला चमचा भांड्यात घालता’ अशी सुरुवात केल्यावर ते वाक्य पुढे कुठूनही नेलं तरी भांडणावरच जात होतं. तेवढ्यात कप्तान माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि माझ्या चमच्याकडे बोट दाखवलं.

मी चमचा बुडवला, ओठांपर्यंत नेला, डोळे मिटले आणि जीभ आतल्या आत टाळ्याला लावून आवाज काढला. मग विचारात पडल्यासारखं केलं आणि म्हणालो, “मीठ थोडं कमी आहे.”

हे वाक्य मी उगाच निवडलं नव्हतं. कचेरीतल्या अनुभवाने सांगतो, कमी म्हटलं की माणूस वाढवून देतो, जास्त म्हटलं की भांडतो. कप्तानांनी स्वतः चव घेतली आणि त्यांचे डोळे चमकले. मीठ खरंच कमी होतं. (ते थोडं थोडं मीठ घालायला लावायचे, त्यामुळे मधे केव्हाही विचारलं तरी ते कमीच असणार, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.)

पुढच्या वेळी परत तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. हळूहळू माझी कीर्ती पसरली. अशी जीभ लाखात एखाद्याची असते, असं कप्तान म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी तर ती बाहेर काढून दाखवायला लावली आणि कौतुकाने पाहिली. सगळे आपापले चमचे घेऊन माझ्याकडे यायचे, मी डोळे मिटायचो, ते जाऊन मीठ घालायचे. क्लास सुटल्यावर डब्यात मिळालेलं सगळ्यांचं उष्टं सूप मी घरी न्यायचो आणि बायको ते मिटक्या मारत प्यायची. किती सुधारलास रे तू, असं तिने म्हटलं की मी लगेच भांडी घासायला उठायचो.

मला वाटत होतं, हळूच एखाद्या दिवशी पोटदुखीचं निमित्त करून क्लास सोडावा. पण तेवढ्यात शाळेने कप्तानांना विचारलं की थंडीच्या सोहळ्याला सगळ्यांचं सूप तुमचा क्लासच करेल का. कप्तान हो म्हणाले. प्रत्येकाने एक मोठं पातेलं करायचं, आणि शंका आली तर माझी जीभ होतीच.

त्या दिवशी मला सकाळपासून चहासुद्धा गोड लागला नाही. दुपारी आम्ही चौघं चार शेगड्यांपुढे उभे राहिलो. डॉक्टरीणबाईंकडे भोपळ्याचं सूप, ड्रायव्हरकडे मटारचं, पोस्टमनकडे बटाट्याचं आणि माझ्याकडे टोमॅटोचं. कप्तान पलीकडे पाव भाजण्यात गुंतले होते.

पहिल्या डॉक्टरीणबाई आल्या. माझ्या जिभेला तर बरोबर वाटतंय, पण तुम्ही एकदा बघा, म्हणाल्या. मी चमचा ओठांपर्यंत नेला. खरं तर ‘उत्तम’ म्हणून मोकळा झालो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण भीतीच्या वेळी माणसाच्या तोंडून सवयीचंच निघतं.

“मीठ थोडं कमी आहे.”

त्या क्षणभर घुटमळल्या. मग स्वतःच्या जिभेला दोष देत गेल्या आणि मूठभर मीठ घालून आल्या. ड्रायव्हरचंही तसंच झालं. पोस्टमन तर स्वभावाने संशयी, ते दोनदा येऊन गेले आणि दोन्ही वेळा कमीच होतं. या धावपळीत माझं पातेलं खदखदायला लागलं आणि एकदम माझ्या मनात आलं, आपण मीठ घातलं का?

मिठाची बरणी हातात घेतल्याचं आठवत होतं. पण ती डॉक्टरीणबाईंना द्यायला घेतली होती, की माझ्यासाठी, ते काही केल्या आठवेना. मी पातेल्यात वाकून पाहिलं. आत्यासारखं नाक पुढे केलं. वाफेने चष्मा धुरकटला, यापलीकडे काही कळलं नाही. चाखून पाहणं एवढा एकच मार्ग उरला होता. मी मन घट्ट केलं, आत्याची माफी मागितली आणि चमचा उचलला.

तेवढ्यात दारातून आवाज आला. चिंगी झिपरीला घेऊन आली होती आणि बोट करून सांगत होती, “तो बघ, तो माझा बाबा.”

ज्या पोरीला चाखण्यावरून रागावलो, तिच्यादेखत कसं चाखणार? मी चमचा ओठांपर्यंत नेला, डोळे मिटले, आणि मान डोलावली. चिंगीने टाळ्या वाजवल्या. कप्तानांना इतके दिवस फसवलं तेव्हा काही वाटलं नव्हतं, पण त्या टाळ्यांनी माझी मान खाली गेली.

बाहेर हॉल भरला. मुलं टेबलावर चमचे वाजवायला लागली. कप्तानांनी पाव बाहेर पाठवले आणि वाढण्याआधी चारी पातेली स्वतः तपासायला घेतली. भोपळा चाखला आणि त्यांनी भुवया उंचावल्या. मटार चाखला आणि पाणी प्यायले. बटाटा चाखल्यावर ते स्टुलावर बसले.

“हे कुणी पास केलं?” त्यांनी हळू विचारलं.

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. कप्तान उठले आणि माझ्या पातेल्यापाशी गेले. चाखून त्यांनी चमचा खाली ठेवला.

“मीठ थोडं कमी आहे का?” मी विचारलं.

“थोडं कमी नाही,” ते म्हणाले. “मीठच नाही.”

बाहेर चमच्यांचा आवाज वाढला होता आणि दारात चिंगी अजून उभी होती. आता लपवून काही उपयोग नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. आत्या सांगितली, वाफ सांगितली, उष्टं म्हणजे काय तेही कसंबसं सांगितलं, आणि या क्लासमधला एकही थेंब मी आजवर जिभेला लावलेला नाही, हेही सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आणि मी तुमची जीभ बाहेर काढून पाहिली होती.”

मी चिंगीकडे पाहिलं नाही. मला फडताळातला तो पुडा दिसत होता.

कप्तानांनी चार पातेल्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग कोपऱ्यातलं पाणी तापवायचं थोरलं भांडं ओढलं, भोपळा ओतला, मटार ओतला, बटाटा ओतला, आणि शेवटी माझा अळणी टोमॅटो त्यावर पालथा केला. रंगाबद्दल न बोललेलं बरं. ढवळून त्यांनी चाखलं, चमचा डॉक्टरीणबाईंना दिला, त्यांनी ड्रायव्हरला, त्याने पोस्टमनना, आणि चौघांच्या तोंडातून फिरून आलेला तो चमचा कप्तानांनी माझ्यापुढे धरला. सगळे थांबले होते. चिंगीसुद्धा टक लावून बघत होती.

मी डोळे मिटले आणि या वेळी खरोखर चमचा तोंडात घातला.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी चव घेऊन मत दिलं होतं आणि मला भरून आलं.

कप्तानांनी आणखी एकदा चाखलं. “मीठ थोडं कमी आहे,” ते म्हणाले आणि चिमूटभर घातलं.

सूप बाहेर गेलं. मी आणि कामावरून थेट तिथे आलेली बायको खांबाआड उभे राहून पाहत होतो. चिंगीशेजारी झिपरी बसली होती, तिच्यापुढे वाटी होती. तिने एक घोट घेतला. मी बायकोचा हात इतका दाबला की ती कळवळली. झिपरीने दुसरा घोट घेतला, मग वाटी तोंडालाच लावली, आणि उठून परत भरून आणली. ती चिंगीला चिकटून बसली आणि तिने विचारलं, की या सगळ्यात तुझ्या बाबाचं सूप कुठलं?

चिंगी विचारात पडली. मी जीव मुठीत धरून ऐकत होतो. तिने दारात उभं राहून सगळं ऐकलं होतं.

“खारट लागत नाहीये ना?” ती म्हणाली, आणि इतक्या अभिमानाने म्हणाली की आजूबाजूच्या टेबलांनाही ऐकू गेलं. “ते माझ्या बाबामुळे. त्याने त्याच्यात काही घातलंच नव्हतं.”