तुंबलेली गटारे, ताईची कृपा

वाहनाच्या मागे काय लिहिलं आहे हे ते चालवणाऱ्याला कधीच वाचता येत नाही, म्हणून ते इतरांनी तपासणं गरजेचं असतं. सुसंस्कृत समाज याच पायावर उभा आहे. आमच्या शहरात हा पाया वाहन-मजकूर कक्षाच्या ताब्यात आहे, आणि कक्ष आपलं काम मन लावून करतो याची मी साक्ष देऊ शकते.

माझा आणि बाबांचा शेवटचा साधा दिवस (तो शेवटचा आहे हे आगाऊ कळवण्याची तरतूद अजून झालेली नाही) एक पूर्णविराम देण्यात गेला.

माझे वडील नळदुरुस्ती करत. त्यांच्याकडे एक पांढरी, बसकी व्हॅन होती आणि तिच्या मागच्या दारावर निळ्या अक्षरांत तीन ओळी होत्या:

गळके नळ
तुंबलेली गटारे
ताईची कृपा

ताई म्हणजे मी. तशी मी कुणाचीच ताई नाही. मी लहान असताना घरात धाकटं येणार असं ठरलं होतं, म्हणून बाबांनी मला आधीच बढती देऊन टाकली. धाकटं आलं नाही. पद कायम राहिलं. आई होती तोवर ती मला नावानेच हाक मारायची, मामाही नावानेच मारतो. घरात मला ताई म्हणणारे एकटे बाबा.

या तीन ओळींनी इतक्या वर्षांत कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. मग नवे नियम आले. नियम उत्तम आहेत. पूर्वी कुणीही उठून गाडीवर काहीही लिहीत असे. आता वाहनावरचा प्रत्येक शब्द चारपैकी एका वर्गात बसतो, नाहीतर खरवडला जातो. ओळख, म्हणजे मालकाचं नाव आणि धंदा. सूचना, म्हणजे 'अंतर ठेवा' वगैरे. जाहिरात, जिला परवाना लागतो. आणि भावना. भावनेला परवाना लागत नाही. मात्र ती एका वाहनावर एकच असावी, मागच्या बाजूस असावी, आणि तिची उंची तळहातापेक्षा जास्त नसावी. कक्षाच्या पाहणीनुसार शहरातल्या त्रेसष्ट टक्के भावना डाव्या दारावर आहेत, एकवीस टक्के दार उघडताच दुभंगतात, आणि उरलेल्या चिखलामुळे वाचता आल्या नाहीत. घराघरांतल्या भावनांबद्दल इतकी नेमकी माहिती कुणाकडेच नसेल.

आमच्या भागाच्या तपासणीस साहेबांना सगळे 'फूटपट्टी' म्हणतात. ते सज्जन आहेत. त्यांनी बाबांची व्हॅन रस्त्यात थांबवली आणि नियमाप्रमाणे मागचा मजकूर एका श्वासात वाचला (मागून येणाऱ्याला दुसरा श्वास घ्यायला सवड नसते, असं नियम धरून चालतो). एका श्वासात तो असा झाला: तुंबलेली गटारे ताईची कृपा. मग त्यांनी बाबांकडे जरा वेळ पाहिलं आणि ही ताई कोण, तिचा गटारांवर एवढा राग का, असं विचारलं.

बाबा म्हणाले, ताई माझी मुलगी, कॉलेजात शिकवते, गटारांशी तिचा काही संबंध नाही. फूटपट्टी म्हणाले, तुम्ही तसं म्हणता, मजकूर तसं म्हणत नाही. पूर्णविराम नसल्यामुळे ही त्या बाईंची बदनामी होते. आणि पूर्णविराम दिला तर जाहिरात होते, कारण कृपा करणारी व्यक्ती प्रायोजक धरली जाते. यांतलं सौम्य कुठलं, असं बाबांनी विचारलं. जाहिरात, असं उत्तर मिळालं. प्रायोजकाने समोर येऊन संमती दिली तर पुढचं बघता येतं. बदनामीला खरवडण्याखेरीज इलाज नाही.

म्हणून त्या दिवशी बाबा निळ्या रंगाचा छोटा डबा घेऊन व्हॅनच्या मागे स्टुलावर बसले, आणि मला तज्ज्ञ म्हणून बोलावण्यात आलं. "ताई, बाहेर ये गं. आठवडाभर पोरांचे पूर्णविराम तपासतेस, आमचाही एक बघ."

नियमानुसार पूर्णविराम गोल आणि सुबक हवा. ब्रशने काढलेला ठिपका ओघळला. बाबांनी तो फडक्याने पुसला, पिशवीतून नळाचा वॉशर काढला, रंगात बुडवला आणि 'गटारे'पुढे दाबला. वॉशर उचलल्यावर तिथे अगदी गोल, अगदी सुबक आणि मधोमध भोक असलेला पूर्णविराम उमटला. नळ दुरुस्त करणारा माणूस विरामचिन्ह दुरुस्त करायला गेला की असंच होणार.

"बाबा, हे शून्य झालं."

"शून्य कुठलं? पूर्णविरामच आहे. जरा गळका आहे, इतकंच. भोक उद्या भरू, वाळू दे आधी." मग वॉशर पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि तुझी संमती आहे ना? तो माणूस विचारणार."

"रीतसर अर्ज करा," मी म्हणाले. "विचार करू."

"बरं बाईसाहेब," बाबा म्हणाले, आणि हसत डब्याचं झाकण लावायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते झोपेतून उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. भोक तसंच राहिलं.

मृत्यूमुळे वाहनाचा मालक बदलतो, मजकुराची जबाबदारी बदलत नाही, असं एक समजूतदार कलम आहे. नियमावलीच्या पहिल्याच पानावर असंही म्हटलं आहे की मागील मजकूर हा मागे राहणाऱ्यांसाठी असतो. (लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रहदारी असावी.) व्हॅन माझ्या नावावर व्हायची तर तिसऱ्या ओळीचा निकाल आधी लागायला हवा होता: ती नियमात बसवायची, नाहीतर खरवडायची.

मामाचं मत खरवडण्याच्या बाजूने होतं. "दोन मिनिटांचं काम," तो म्हणाला. "कुठे त्या फूटपट्टीच्या नादी लागतेस?" तो थिनर, फडकं आणि पत्ती घेऊन आलाही. व्हॅनच्या मागे जाऊन उभा राहिला. बराच वेळ काही आवाज येईना म्हणून मी डोकावले, तर थिनरची बाटली न उघडता परत निघाला होता. म्हणाला, तूच बघ बाई, माझ्याच्याने नाही व्हायचं.

मी कक्षात गेले. लांबट खोली, दोन बाकं, एक खिडकी, तिच्यापुढे रांग. भिंतीवर जप्त केलेल्या भावना टांगलेल्या होत्या. एका टेम्पोचं तर अख्खं दार होतं, त्यावर फक्त 'पुन्हा भेटू'. (आक्षेप: तारीख नसलेलं आश्वासन.)

फूटपट्टींनी आधी दुःख व्यक्त केलं, मग आक्षेप सांगितले. पहिला आक्षेप शून्याला होता. 'तुंबलेली गटारे ०' हा आकडेवारीचा दावा आहे आणि शहराची परिस्थिती तशी नाही. मी वॉशरची हकीकत सांगितली. त्यांनी अर्जाला जोडलेला दाराचा फोटो जवळ धरून, लांब धरून पाहिला आणि शेरा बदलला: अपूर्ण पूर्णविराम. दुसरा आक्षेप मला होता.

"धाकटं भावंड किती?"

"नाही कुणी."

"मग तुम्ही ताई कशा?"

"ते म्हणायचे."

"आता कोण म्हणतं?"

"आता कुणी नाही."

फूटपट्टींनी पेनाला टोपण लावलं. त्यांनाही ते बरं वाटत नव्हतं, पण तर्क पुढे चालतच राहिला, तर्काचं तसंच असतं. म्हणाले, म्हणजे ताई हे पद आता रिक्त धरावं लागेल. आणि रिक्त पदाची कृपा गाडीवर लावू द्यायची म्हटली, तर उद्या कुणीही कुणाचीही लावेल.

मी उठले नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी खाकरलं. फूटपट्टींनी पानं उलटली आणि एक पोटकलम काढलं: जिची कृपा आहे ती व्यक्ती स्वतः हजर असल्यास तिने संमती द्यावी, तसेच कोणती कृपा केली ते स्पष्ट व सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे. भरलेल्या वर्गात माईकशिवाय शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. आवाजाची अडचण मला कधी आलेली नाही. तिथे पहिल्या खेपेला तो निघालाच नाही.

"ताई मीच," मी म्हणाले. "संमती आहे."

"आणि कृपा कोणती केलीत?"

"मी काही केलं नाही. कृपा त्यांची होती, माझ्यावर. सगळी. हे मी त्यांना कधी म्हटलं नाही."

ते सर्वांना ऐकू गेलं.

"म्हणजे मजकूर चुकीचा आहे?" फूटपट्टींनी हळूच विचारलं.

"त्यांच्या बाजूने वाचलात तर बरोबर आहे. माझ्या बाजूने उलटा."

त्यांनी जाहिरातीची व्याख्या पुन्हा वाचली, या वेळी बोट ठेवून. जाहिरात म्हणजे स्वतःच्या गुणांचा अगर सेवेचा दावा. इथे दोन्ही पक्ष श्रेय एकमेकांकडे ढकलत होते. दावा करणारं कुणीच नव्हतं. असा प्रकार कक्षापुढे यापूर्वी आलेला नव्हता. फूटपट्टींनी फोटोतल्या अक्षरांची मापं पाहिली, मग स्वतःचा तळहात टेबलावर ठेवून मोजला, आणि लिहिलं: भावना. एक. मागील बाजूस. मान्य. अट इतकीच की पूर्णविराम मुदतीत भरून घ्यावा.

कागद हातात देताना ते म्हणाले, "या, ताई." (माझ्यामागच्या बाईलाही ते ताईच म्हणाले, पण तिचं प्रकरण नंबरप्लेटचं होतं.)

व्हॅन आता मी चालवते. भोक अजून भरलेलं नाही. मुदतवाढ मागितली आहे; ती मिळते.

वाचकांच्या माहितीसाठी एक सवलत मात्र सांगायला हवी, कारण कक्षातला तिचा फलक बाकामागे झाकला गेला आहे. असं निवेदन संबंधित माणूस हयात असताना थेट त्याच्यासमोर केलं, तर अर्ज लागत नाही, साक्षीदार लागत नाही, रांगेतही उभं राहावं लागत नाही. या सवलतीचा लाभ कुणी घेतल्याची नोंद कक्षाकडे नाही. तुम्हीही घेणार नाही, असं मी धरून चालते. तेव्हा लवकर या. बाकं दोनच आहेत. आणि घसा साफ करून या, खिडकीपलीकडच्या माणसाला सगळं ऐकू जावं लागतं.