शिदूनानांची काठी

शिदूनाना फिटर मोटारीचं चाक दातांनी ऐकत असत.

ही थट्टा नाही. हातभर लांबीची बाभळीची एक काठी त्यांच्याजवळ कायम असे. चाक जॅकवर उचललं की काठीचं एक टोक ते आसाला टेकवत, दुसरं पुढच्या दातांत धरत आणि डोळे मिटून घेत. गुलाब ड्रायव्हर चाक हाताने फिरवी. स्टँडवरचे रिकामे लोक म्हणत, "मिस्त्रीचं दातवण सुरू झालं." थोड्या वेळाने नाना काठी काढून दोनपैकी एक निकाल देत. "दळाय लागलंय, काढा," म्हणजे बेअरिंग गेलं. नाहीतर मडगार्डवर थाप मारून, "काय बिघाड न्हाई. जा."

मॅट्रिक झाल्यावर दोन वर्षं मी वडूजला एका सर्व्हिस मोटारीच्या कंपनीत बुकिंग क्लार्क होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे तिकीट फाडायचं कामसुद्धा मी परीक्षेचा पेपर लिहावा तसं करी. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, आणि मुंबईहून नवं बेअरिंग मागवलं तर तिथून नुसतं पत्र येई. नाना तीन मेलेल्या बेअरिंगांतून एक जिवंत बेअरिंग जुळवत. कमानीचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचा, पाटा मोडला तर दुसऱ्या मोटारीचा कापून बसवत. आमच्या दोन्ही मोटारी रस्त्यावर होत्या त्या नानांमुळे.

पण त्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. कोणी विचारावं, "मिस्त्री, मोटार कवा सुटणार?" नाना गंभीरपणे सांगत, "डाव्या अंगाची कमान कुरकुरतीया." एकदा औंधाहून त्यांचा मेहुणा सांगत आला, "दाजी, पोरगीचं ठरलं." नाना हात पुसत म्हणाले, "गिरीस न्हाई, दुसरं काय." मेहुणा रागाने चहासुद्धा न घेता परत गेला. मी काही विचारलं तर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "तुझं राहू दे रं. चाक काय म्हनतंय ते बघू." मला वाटे, केवढी ही घमेंड.

म्हसवडच्या जत्रेला मोटार निघाली तेव्हाची गोष्ट. आत माणसं कोंबलेली, टपावर माणसं, सगळ्यांच्या मांडीवर नारळाच्या पिशव्या. नानांनी मागच्या चाकाला काठी लावली आणि म्हणाले, "दळाय लागलंय, काढा."

गुलाब वैतागला. "अहो नाना, आत्ताच आलो घेऊन. आवाज म्हणून नाही."

"काढा."

सगळी माणसं खाली उतरली आणि नानांच्या नावाने बोटं मोडू लागली. एक म्हातारी तर थेट पुढ्यात येऊन उभी राहिली. "माझा नवस चुकला तर तुझ्या काठीला धरीन बघ." नाना चाक उतरवत राहिले. बेअरिंग बाहेर आलं ते निळं पडलेलं. त्यातले चार छर्रे फुटलेले होते. नानांनी ते म्हातारीच्या तळहातावर ठेवले. गुलाबने टोपी काढून डोकं पुसलं. ते चाक वाटेत निसटलं असतं तर काय झालं असतं, हे सगळ्यात जास्त त्यालाच कळत होतं.

आमचे मालक अण्णासाहेब तापट, पण मनाने सरळ. त्यांना नानांचा संशय येऊ लागला होता. एक दिवस मला ऑफिसात बोलावून त्यांनी दार लोटलं.

"काल त्याला तीनदा हाक मारली. ढिम्म. मला वाटतं तो ठार बहिरा आहे."

"कामात असतील."

"असेल नाहीतर नसेल. पण बहिरा मिस्त्री ठेवला आणि वर्धनगडच्या घाटात चाक निसटलं, तर लोक मला उभा जाळतील. उद्या सकाळी त्याच्या घरी जा. पाठीमागून हाक मार. वळला नाही तर तसं येऊन सांग, मी दुसरा माणूस बघतो."

मला रात्रभर झोप आली नाही. हे काम माझ्या शिक्षणाला शोभणारं नव्हतं, पण नाही म्हणायची हिंमतही नव्हती.

उजाडता उजाडता नानांच्या दारात गेलो. आत नानांच्या पत्नी, काकी, जात्यावर दळत होत्या आणि ओवी म्हणत होत्या. नाना त्यांच्यासमोर, दाराकडे पाठ करून बसले होते. काठीचं एक टोक जात्याच्या खालच्या तळीवर टेकलेलं, दुसरं दातांत.

मी हाक मारली. "नाना." मग जरा मोठ्याने, "शिदूनाना."

काकींनी मान वर केली. नाना हलले नाहीत. काकींनी जातं थांबवलं, काठीचं टोक तळीवरून उचललं, आपल्या हनुवटीला टेकवलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मोटारीवरचा क्लार्क आलाय." नाना ताबडतोब वळले.

मला पाहून त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. काठी मांडीवर ठेवून ते जमिनीकडे बघत बसले.

"पयल्या लढाईत बसऱ्याकडं तोफंपाशी व्हतं," काकी म्हणाल्या. "कान तिकडंच ऱ्हायलं. काठीतनं तेवढं येतं. मालकाला सांगू नगा, बाबा. चाकाची चूक कंदी केलीया का त्यांनी?"

"मग गावात सगळ्यांना हे काठीचं सांगत का नाहीत?"

"लाज वाटती त्यास्नी. म्हनत्यात, मानसास्नी काय काठी लावायची."

परत येताना मी काय सांगायचं ते दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा मोडलं. शेवटी जे पाहिलं ते सगळं तसंच अण्णासाहेबांना सांगितलं. नवसाच्या म्हातारीच्या हातातल्या छर्ऱ्यांची आठवणही दिली. "मालक, त्यांना माणसं ऐकू येत नाहीत. पण चाक आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ऐकू येतं."

अण्णासाहेब बराच वेळ टेबलावरची पावतीपुस्तकं नीट लावत बसले. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी त्याच्या पाठीमागून ज्या शिव्या देत होतो, त्या फुकट गेल्या."

ते उठून अंगणात गेले. नाना मडगार्डला खांदा टेकवून चाकाशी वाकून बसले होते. अण्णासाहेबांनी आपल्या हातातल्या छडीने मडगार्डवर दोनदा ठोकलं. नानांनी वर पाहिलं. मालकांनी चहाची खूण केली. त्या दिवसापासून आमच्या कंपनीत नानांना कोणी हाक मारली नाही. सगळे मडगार्ड ठोकत.

पुढच्या जून महिन्यात मी सांगलीला कॉलेजात निघालो. ट्रंक टपावर चढली. नानांनी मला मागच्या चाकावरच्या बाकावरून उठवून पुढे बसवलं. "तितं हादरं कमी." मग ते खाली काठी घेऊन उभे राहिले. मी उतरलो. पाया पडलो. तेवढ्यावर जाववेना, म्हणून काठीचं एक टोक उचलून माझ्या हनुवटीला टेकवलं. नाना गोंधळले. इकडेतिकडे पाहिलं. मग दुसरं टोक हळूच दातांत धरलं.

"नाना, येतो मी," मी म्हटलं. "सुट्टीत येईन."

 नाना काठी तोंडातून काढून म्हणाले, "घोगरा हाय रं आवाज तुजा. दोन वर्सं मला बारीक वाटत व्हता." आणि पुन्हा काठी दातांत धरत म्हणाले, "आजून बोल."

"काय बोलू?"

"कायबी. गुलाब थांबंल."

 दोन वर्षं जे रोज ओरडत होतो तेच तोंडात आलं. "वडूज, पुसेगाव, वर्धनगड, कोरेगाव, सातारा." नाना डोळे मिटून ऐकत होते. मी पुन्हा म्हटलं, या वेळी हळू. गुलाबने भोंगा वाजवला नाही. 

नानांनी काठी काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि माझ्या पाठीवर, मडगार्डवर मारत तशी थाप मारली.

"काय बिघाड न्हाई," ते म्हणाले. "जा."